गोठा, वाफे, लेकरं आणि तुम्ही: शेतावर राहणाऱ्या आईने स्वतःची निगा कशी राखावी

हौसेने शेतावर राहायला आलेल्या, आणि चार जनावरं, थोडा भाजीपाला, एक-दोन लहान लेकरं असं सगळं एकदम पदरात पडलेल्या आयांसाठी हा लेख आहे.

'स्वतःसाठी वेळ काढ' हा सल्ला तुम्हाला आत्तापर्यंत दहा जणींनी दिला असेल. चांगल्या मनाने दिला असेल, पण शेतावर तो लागू पडत नाही. ऑफिसातली फाईल उद्यावर टाकता येते, भरलेली कास टाकता येत नाही. वेळ असा कुठे पडून राहिलेलाच नसतो, तर तो काढणार कुठून? म्हणून माझं सांगणं सरळ आहे: आधी कामाचा बोजा उतरवा, मग अंगाकडे आणि मनाकडे बघा. सुगंधी साबण आणि ध्यानधारणेचं ॲप त्यानंतर.

पायऱ्या ओळीनेच घ्या. पहिल्या तीन कंटाळवाण्या आहेत, त्यामुळे त्या गाळून पुढे उडी मारावीशी वाटते. तसं केलं की महिन्याभरात गाडी मूळ पदावर येते.

## 1. आठवडाभर कामं लिहा, मग कात्री चालवा

एक वही स्वयंपाकघरात टांगून ठेवा आणि सात दिवस केलेलं प्रत्येक काम त्यात टिपा. मनाने आठवून लिहू नका. बादली विसळणं, अंडी पुसणं, हरवलेला बूट शोधणं असली बारीकसारीक कामं आठवणीतून निसटतात आणि दिवस तर तीच खातात.

मग तीन रकाने पाडा. पहिल्यात ठरल्या वेळीच व्हायला हवीत अशी कामं: धार, चारा-पाणी, कोंबड्यांना अंधार पडायच्या आत कोंडणं, लेकरांचं खाणं. दुसऱ्यात दोन-चार दिवस मागेपुढे झाली तरी चालतील अशी: खुरपणी, गोठ्याची मोठी सफाई, कुंपणाची डागडुजी. तिसऱ्यात न केली तरी कोणाचं काही अडणार नाही अशी.

खरी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. साबण घरचा, लोणी घरचं, कपडे घरी शिवलेले, भाज्या वाळवून वर्षभर पुरवायच्या. शेतावर आलं की 'सगळं घरीच' हे भूत मानगुटीवर बसतं. त्यातली मनापासून आवडणारी दोन कामं ठेवा, बाकीचं लेकरं जरा मोठी होईपर्यंत खुशाल विकत आणा. विकतच्या साबणाने हात धुतल्याने तुमचं शेत खोटं ठरत नाही.

सापळा: कात्री लावून मोकळा झालेला वेळ नव्या जनावराने भरून टाकणं. पिल्लं गोड दिसतात आणि कोणीतरी ती फुकटही देत असतं. बाळंतपणाच्या वर्षात आणि त्यापुढच्या वर्षीही घरात नव्या प्रकारचं जनावर येणार नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. स्वतःलाही.

## 2. जनावरांचं वर्ष तुमच्या वर्षाशी जुळवा

ही पायरी नीट जमली तर निम्मं काम फत्ते. गाय साधारण 280 दिवस गाभण असते, शेळी 150 दिवस, ससा 31 दिवस. अंडी उबवायला कोंबडीला 21 दिवस लागतात. म्हणजे कोण कधी विणार हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. स्वतःला दिवस गेलेत असं कळल्यावर कॅलेंडर काढा आणि तुमच्या तारखेच्या आधीचे दोन आणि नंतरचे तीन महिने लाल रंगाने रंगवा. त्या काळात गोठ्यात काही विणार नाही अशा बेताने गाय भरवा, म्हणजे गाभण करून घ्या. बोकडाला तर लगेच वेगळ्या कुंपणात घाला आणि कुंपण भक्कम आहे ना ते स्वतः हलवून बघा.

व्यायच्या आधी साधारण 60 दिवस गाय आटवावी, म्हणजे तिची धार बंद करावी लागतेच. घरात दोन दुभती जनावरं असतील तर त्यांचा भाकडकाळ एकत्र आणता येतो का बघा. तेवढे दिवस घरचं दूध नसेल, पण सकाळ-संध्याकाळची धारही नसेल. आपल्याला वाटतं दुधात खंड पडायला नको, म्हणून एक आटली की दुसरी चालू असं चक्र लावलं जातं आणि वर्षाचे सगळे दिवस आपण दावणीला बांधलेल्या राहतो. लहान मूल असताना हे चक्र मोडलेलंच बरं.

दुसरी सोय म्हणजे वासरू. रात्री वासरू वेगळं ठेवायचं, सकाळी धार काढायची आणि दिवसभर वासरू आईजवळ सोडायचं. संध्याकाळची धार वासरूच उरकतं. दूध कमी मिळतं, पण संध्याकाळ मोकळी मिळते. कुठे जायचं असेल त्या दिवशी वासरू रात्रीही आईजवळच राहू द्या. मात्र नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दुधाच्या गाईचं सगळं दूध एकट्या वासराला संपत नाही. कास तुंबते आणि कासदाह होतो. पहिले काही आठवडे जाऊ द्या, आणि नंतरही रोज कासेला हात लावून गरम किंवा कडक लागत नाही ना हे पाहा.

धारेच्या वेळेबद्दलही थोडं. पहाटे पाचचीच धार हवी असं गाईने कधी सांगितलेलं नाही. तिला रोजची एक वेळ हवी असते, मग ती सातची का असेना. दोन धारांमध्ये बरोबर बारा तासच पाहिजेत असंही नाही; दहा आणि चौदा तासांच्या अंतरानेही चालतं. वेळ बदलायची तर रोज थोडी थोडी सरकवा.

बागेचं थोडक्यात: ठिबक आणि त्याला टायमर. वाफ्यांवर 5 ते 10 सेंटिमीटर जाडीचं पालापाचोळ्याचं किंवा गवताचं आच्छादन, फक्त खोडाभोवती थोडी जागा मोकळी. पाणी कमी लागतं, तण कमी उगवतं. जमेनाच तर निम्मे वाफे एका हंगामासाठी झाकून टाका. जमीन कुठे पळून जात नाही. कोंबड्यांनी दिवस लहान झाल्यावर अंडी देणं थांबवलं तर त्यांच्यामागे दिवे लावत बसू नका. त्यांनाही विश्रांती, तुम्हालाही.

## 3. बदली माणूस तयार ठेवा

तुम्ही तापाने झोपलात तर गोठा कोण बघेल? या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या नावासकट देता आलं पाहिजे. नवरा, सासू, शेजारीण, गावातला एखादा होतकरू मुलगा, कोणीही चालेल. शेजारणीशी अदलाबदल ठरवता आली तर फारच उत्तम: तिच्या अडचणीला तुम्ही, तुमच्या अडचणीला ती.

त्यासाठी गोठ्याची वही लागते. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलेली, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. चारा किती आणि कशाने मोजायचा, औषधं कुठे, जनावरांच्या डॉक्टरांचा फोन, हे तर झालंच. पण वहीचा जीव असतो तो तुम्हाला सवयीने ठाऊक असलेल्या गोष्टींत. काळी शेळी उजव्या बाजूने धार काढू देते, डावीकडे बसलं तर पाय झाडते. टाकीचा कॉक अर्धाच फिरवायचा, पूर्ण फिरवला की पाईपचा जोड निसटतो. लाल कोंबडी मोजताना सापडली नाही तर गव्हाणीखाली बघायचं. असलं एकूण एक लिहा. मग सगळं सुरळीत असताना एक दिवस त्या माणसाच्या हातात वही द्या आणि तुम्ही गोठ्याकडे फिरकू नका. तो जे विचारायला येईल ते वहीत राहून गेलेलं असतं.

घरातल्या माणसाला काम द्यायचं तर अख्खं द्या. 'सांग, काय मदत करू?' हे ऐकायला गोड वाटतं, पण आठवण ठेवायचं ओझं तुमच्याच डोक्यावर राहतं. कोंबड्या दिल्या म्हणजे दाणा संपत आलाय हे ओळखण्यापासून खुराड्याची कडी लावण्यापर्यंत सगळं त्याचं. आणि त्याने तुमच्यासारखं केलं नाही म्हणून मागून जाऊन पुन्हा करू नका. खुराडं जरा कमी चकचकीत राहिलं तर कोंबड्या तक्रार करत नाहीत.

## 4. कंबर, मनगट, ओटीपोट, हात

'दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला?' हा मोठा गैरसमज. शेतातलं काम व्यायामात जमा होतं हे खरं, पण ते बहुतेक वाकून, पुढे झुकून आणि एकाच बाजूवर भार देऊन होतं. लेकरू नेहमी डाव्या कडेवर, बादली नेहमी उजव्या हातात. दिवसातून दोनदा तरी पाच मिनिटं उलट दिशेला ताण द्या: हात वर, छाती पुढे, खांदे मागे. खुरपताना ठरावीक वेळाने उभं राहा.

20 लिटरची भरलेली बादली म्हणजे 20 किलो. एक भरलेली नेण्यापेक्षा दोन अर्ध्या, दोन हातांत. उचलताना कंबरेतून गोल वाकायचं नाही. पाय फाकवून, गुडघे वाकवून, वजन पोटाजवळ आणून उठायचं. त्याहून शहाणपणाचं म्हणजे पाईप गव्हाणीपर्यंत नेणं आणि चाकाची गाडी घेणं. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. सिझेरियन असेल तर डॉक्टर मोकळीक देईपर्यंत अजिबात नाही.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते का? बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा ताणला जातो, त्यात धारेची भर पडली की तिथले स्नायुबंध सुजतात. बाळाला दोन्ही तळव्यांवर, खालून ओंजळीत घेतल्यासारखं उचला. काही दिवस धार दुसऱ्याला द्या. मनगटाला आधार देणारा पट्टाही मिळतो.

शिंकताना, बादली उचलताना लघवीचे थेंब जातात आणि आपण 'बाळंतपणानंतर असंच असतं' म्हणून सोडून देतो. यावर उपाय आहे. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरावा तसे ते स्नायू आवळा, वर ओढा, जमेल तसं 10 सेकंदांपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. धार काढताना बसल्या जागी होतं, कोणाला कळतही नाही. फरक पडायला तीनेक महिने लागतात. जड उचलायच्या क्षणी हेच स्नायू आधी आवळून घ्यायची सवय लावा. खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल तर मात्र व्यायामावर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

हातांना भेगा पडत असतील तर ओल्या आणि साबणाच्या कामाला नायट्राईलचे हातमोजे, हात धुतल्यावर ओलसर असतानाच मलम, आणि रात्री पेट्रोलियम जेली चोपडून सुती मोजे. चार रात्रींत फरक दिसतो.

## 5. खाणं, पाणी आणि आडोसा

जनावरांचा खुराक मोजून द्यायचा आणि आपण मुलांच्या ताटातलं उरलेलं उभ्याने खायचं, ही सवय मोडा. सकाळच्या धारेआधी काहीतरी पोटात जाईल अशी सोय आदल्या रात्रीच करून ठेवा. अंगावर पाजत असाल तर भूक आणि तहान दोन्ही वाढतात, ते दाबू नका.

सतत थकवा, जिना चढताना धाप, केस गळणं, चेहरा पांढरट: हे सगळं 'कामाचा शीण' म्हणून अंगावर काढलं जातं. एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. चहा-कॉफी जेवणाला लागून घेतली तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवा. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईडचीही गडबड होऊ शकते, त्याच वेळी तेही तपासा.

आता जे कोणी बोलत नाही ते. आडोसा लांब असतो म्हणून बायका शेतात पाणीच पीत नाहीत आणि लघवी तुंबवून ठेवतात. पुढे जळजळ आणि संसर्ग ठरलेलाच. कामाच्या जागेजवळ चार बांबू आणि पडद्याचा का होईना, आडोसा करून घ्या. नव्या गोठ्याआधी हे काम. पाळीच्या दिवसांत मेन्स्ट्रुअल कप सोयीचा पडतो, 12 तासांच्या आत रिकामा करून धुवायचा.

## 6. झोप

मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. लहान बाळ असताना ते जमत नाही, हे मान्य. पण तुकड्या-तुकड्यांच्या सात तासांपेक्षा सलग चार-पाच तास आणि वर एखादी डुलकी जास्त कामी येते. म्हणून रात्र वाटून घ्या: अमुक वाजेपर्यंत बाळ आणि गोठा दोन्ही नवऱ्याचं, पुढे तुमचं. गाय विण्याच्या बेतात असेल तेव्हा दोघांनी जागण्यात अर्थ नाही. एकाने झोपायचं, आणि आज झोपायची पाळी कोणाची हे दिवस मावळायच्या आधी ठरवायचं. मध्यरात्री ठरवायला गेलं की आईच जागी राहते.

## 7. गोठ्यातून येणारे आजार

गरोदर असाल तर ही पायरी दोनदा वाचा. शेळ्या-मेंढ्या विताना तिथे थांबू नका. वार, गर्भजल, नुकतंच जन्मलेलं करडू, त्यात बरबटलेले कपडे, कशालाच हात नको. ब्रुसेला, क्यू फीवर यांसारखे संसर्ग त्यातून होतात आणि गर्भाला धोका पोचतो. मांजराची विष्ठा आणि ती मिसळलेली माती यांतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा, गर्भाला घातक असा परजीवी पोटात जातो, म्हणून वाफ्यात हातमोजे घालूनच काम, आणि भाज्या नीट धुऊन.

कच्चं दूध कोणीच पिऊ नये, लेकरांनी तर नाहीच. उकळा, किंवा 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं धरून ठेवा. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. धनुर्वाताच्या लशीची मात्रा दर 10 वर्षांनी घ्यायची असते; शेणामातीत जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला 5 वर्षं उलटली असतील तर लगेच डॉक्टरांकडे जा. कुबट वासाची, बुरशी धरलेली वैरण मास्कशिवाय हलवू नका.

आणि एक. गाईच्या कासेला गाठ लागली तर तासाभरात डॉक्टर बोलावतो. स्वतःच्या स्तनाला गाठ लागली तर पुढच्या महिन्यावर टाकतो. पाजताना स्तन लाल, गरम होऊन ताप आला तर पाजणं चालू ठेवा आणि एका दिवसात आराम पडला नाही तर दाखवा. न दुखणारी गाठ असेल तर त्याहून लवकर.

## 8. मनाकडे बघा

शेतावरचा एकटेपणा वेगळा असतो. दिवसभर कोणी ना कोणी हाका मारत असतं, पण मोठ्या माणसाशी चार वाक्यं बोलणं होत नाही. दुसरी एखादी आई धरून ठेवा, आठवड्याचा एक वार फोनसाठी ठरवा, शेंगा सोलताना बोला.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढेही राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, तर ते नैराश्य असू शकतं. एडिनबरा प्रसूतीपश्चात नैराश्य प्रश्नावली नावाची 10 प्रश्नांची सोपी चाचणी 1987 पासून जगभर वापरली जाते. डॉक्टरांकडे किंवा आरोग्यसेविकेकडे ती मागा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर थांबायचं नाही. घरच्यांना उठवा आणि त्याच वेळी दवाखाना गाठा. कीटकनाशकं आणि जनावरांची औषधं घरात कुलपात ठेवायची ती मुलांसाठी, आणि अशा दिवसांसाठीही.

## 9. आता तो अर्धा तास

इथवरचं झालं असेल तर दिवसातून अर्धा तास सुटा निघतो. तो दिवसाच्या शेवटी ठेवू नका, शेवटी काही उरत नाही. सकाळच्या धारेनंतर किंवा दुपारी लेकरं झोपल्यावर, पण ठरलेल्या वेळी.

लेकरं जागी असतील तर त्यांना सुरक्षित जागा हवी: कुंपण घातलेला, सावलीतला, घरातून दिसणारा कोपरा. पाण्याचे हौद आणि पिंपं झाकलेली हवीत. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. हे झाल्याशिवाय तुमचा एक कान सतत तिकडेच राहील आणि त्या अर्ध्या तासाला काही चव येणार नाही.

त्यात काय करायचं हे मी सांगणार नाही. फक्त तो दुसऱ्या रकान्यातली कामं उरकायला वापरू नका, आणि गोठा दिसेल अशा जागी बसू नका. दिसला की उठालच.

## हाताशी काय काय हवं

कागद, एका जाड पाकिटात:
- रक्तगट, रक्त तपासणीचे अहवाल, चालू औषधं आणि कशाची ॲलर्जी असेल तर ते
- धनुर्वाताची शेवटची मात्रा कधी घेतली ती तारीख
- बाळंतपणाचे कागद, मुलांची लसीकरण कार्डं
- दवाखाना, गाडीवाला आणि बदली माणूस यांचे फोन, मोठ्या अक्षरांत

सामान:
- गोठ्याची वही, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीसकट
- नायट्राईलचे हातमोजे, मास्क, पायात न घसरणारे बूट
- चाकाची गाडी, लांब दांड्याचं खुरपं, गुडघ्याखाली ठेवायची जाड गादी
- रुंद काठाची टोपी आणि 30 किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा लावायला
- प्रथमोपचाराची पेटी: स्वच्छ पट्ट्या, जंतुनाशक, चिमटा, क्षारसंजीवनीची पाकिटं

पेट्या दोन करा, एक घरात आणि एक गोठ्यात. जनावरांची मलमं आणि इंजेक्शनं यांच्यासाठी तिसरी, वेगळ्या रंगाची, कुलूप लागणारी.